'माझं' न म्हणता घर परत कसं मागायचं?

आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३०



तिसरा अध्याय आपण रोज एक श्लोक असा वाचतोय. आज तिसावा. या एका श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात की सगळी कर्मं माझ्यावर सोपव, फळाची आशा धरू नकोस, 'माझं माझं' सोड, अंगातला ताप उतरू दे, आणि लढ. मूळ संस्कृतातले तीन शब्द आज पाठच करून टाका: निराशी, निर्मम, विगतज्वर. आणि त्यांच्यासोबत आलेलं क्रियापद, युध्यस्व.

वाचताना इथे अडखळायला होतं. माझं काही नाहीच, तर लढायचं कशासाठी? आणि लढायचंच असेल, तर 'हे माझं आहे' असं म्हटल्याशिवाय कुणी लढतं का? मागे हा श्लोक वाचला तेव्हा मी 'युद्ध म्हणजे मनातलं युद्ध' असं म्हणून पुढे गेलो होतो. यंदा आमच्या सोलापूरच्या फ्लॅटने तसं पुढे जाऊ दिलं नाही. म्हणून आजचं चिंतन जरा घरगुती आहे.

काय झालं

जुळे सोलापुरात आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. बाबांनी रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून घेतलेला. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे पुण्याला आली आणि फ्लॅट एका तरुणाला अकरा महिन्यांच्या करारावर दिला. करार रजिस्टर केलेला, पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती दिलेली, सगळं रीतसर. भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता जमा व्हायचं.

सात महिने झाले आणि शेजारच्या काकूंचा आईला फोन आला. काकू सत्तरीच्या पुढच्या, एकट्याच राहतात. तक्रारीचा सूर नव्हता. म्हणाल्या, "वहिनी, तुमच्याकडं सारखे पाहुणे येतात की ओ. शनिवार-रविवार तर नुसती वर्दळ. टाकीतलं पाणी संपून जातंय बघा सकाळच्याला."

आमच्याकडे तर कुणी पाहुणे नव्हते. मी फोनवर खोल्या बुक करायच्या एका ॲपवर शोधलं आणि आमचं घर सापडलं. पहिल्याच फोटोत हॉलमधला आजीचा सागवानी झोपाळा. वर लिहिलेलं, अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूर दर्शनासाठी सोयीचं घर, कुटुंबांना प्राधान्य. एका रात्रीचा दर दिलेला. भाडेकरू स्वतः तीन महिन्यांपूर्वीच गावी राहायला गेला होता.

सोलापूरकरांना यात नवल वाटणार नाही. अक्कलकोट इथून साधारण चाळीस किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीस, पंढरपूर सत्तरच्या आसपास. पलीकडे कर्नाटकात गाणगापूर. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईहून वंदे भारतही आहे. जोडून सुट्ट्या आल्या किंवा वर्षअखेर आली की अक्कलकोटला खोली मिळणं मुश्किल होतं आणि माणसं सोलापुरात मुक्काम करतात. मागणी खरी आहे आणि येणारी माणसंही चांगली आहेत. त्यामुळेच प्रश्न अवघड होतो.

मराठीत याला जुना शब्द आहे, पोटभाडेकरू. पोटकलम, पोटजात यांत जो 'पोट' आहे तोच हा. एकाच्या आत दुसरा. प्रकारही जुनाच. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात पोटभाड्याला बंदी होती, तरी पोटभाडेकरू इतके झाले की १९५९ मध्ये तोवरच्या पोटभाडेकरूंना कायद्यानेच मान्यता द्यावी लागली. आज फक्त चाळीच्या खोलीच्या जागी ॲप आलंय, आणि पोटभाडेकरू दर दोन रात्रींनी बदलतो.

तो काय म्हणाला

मी फोन केला. तो खोटं बोलला नाही, हे त्याच्या बाजूने आधी सांगतो. म्हणाला, "दादा, मार्चमध्ये नोकरी गेली. गावी वडील आजारी. तुमचं भाडं एकदा तरी थकलं का? आणि येणारे सगळे स्वामींचे भक्त आहेत. एका अर्थी सेवाच होतीय."

बघा, तीन मुद्दे आहेत. मला गरज होती. तुमचं नुकसान झालं नाही. आणि ही सेवा आहे.

घरात आई म्हणाली, "असू दे की रे. पोरगा अडचणीत आहे. भाडं तर देतोय." ऑफिसमधला मित्र म्हणाला, "कुलूप बदल, सामान जिन्यात ठेव, दोन दिवसांत सरळ होईल." एक सल्ला म्हणजे 'निर्मम' घ्या आणि 'लढ' सोडा. दुसरा म्हणजे 'लढ' घ्या आणि बाकीचे तिन्ही शब्द सोडा. श्लोक मात्र चारही एकदम मागतो.

नुकसान कुणाचं?

आधी दुसरा मुद्दा घेऊ, कारण आपल्यासारख्यांना तोच सगळ्यात पटतो. पैसे मिळतायत ना, मग झालं!

आपल्या कामातलं उदाहरण देतो. कंपनी तुम्हाला प्रॉडक्शन सर्व्हरचा ॲक्सेस देते. तुम्ही तुमचा पासवर्ड बाहेरच्या कुणाला तरी वापरायला देता. तो माणूस काहीही बिघडवत नाही. तरी पहिल्याच दिवशी एक गोष्ट बिघडलेली असते. लॉगमध्ये नाव तुमचं आहे आणि काम दुसराच करतोय. उद्या काही झालं तर तो लॉग खोटी साक्ष देणार.

घराचंही तसंच आहे. पोलीस स्टेशनला एक नाव दिलेलं, सोसायटीच्या वहीत तेच नाव, आणि आत रोज वेगळी माणसं. लॉजवाला आधार कार्ड बघून रजिस्टरमध्ये नोंद करतो, त्याला कारण आहे. गॅस चालू राहिला, कुणाला जिन्यात काही झालं, तर घरात कोण होतं हे कुणालाच सांगता येणार नाही.

आणि नुकसान झालंच होतं. फक्त ते माझं नव्हतं. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. इथला माणूस बादली मोजून वापरायला लहानपणीच शिकतो. पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्याला हे कोण सांगणार? तो दर्शनाला निघताना अंघोळ करतो, उन्हातून आला की पुन्हा करतो. त्यात त्याची काही चूक नाही. पण टाकी सगळ्या बिल्डिंगची. शनिवारी रात्री आमच्या फ्लॅटमध्ये सहा माणसं उतरली की रविवारी सकाळी काकूंच्या नळाला नुसती हवा यायची. म्हणजे त्या घराच्या भाड्याचा एक हिस्सा काकू भरत होत्या, पाण्याच्या रूपात. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

कायदाही हेच बघतो. लिव्ह अँड लायसन्स करारातलं लायसन्स म्हणजे काय, हे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात सांगितलंय. ती एका माणसाला दिलेली परवानगी असते. घरातला कुठलाही मालकी हक्क तिच्यासोबत जात नाही आणि ती दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम २६ मालकाच्या संमतीशिवाय पोटभाड्याने देण्याला बंदी घालतं. भारत सेल्स विरुद्ध आयुर्विमा महामंडळ या १९९८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक व्यवहारी गोष्ट मांडली. पोटभाड्याचा व्यवहार मालकाच्या पाठीमागे होतो, त्यामुळे थेट पुरावा सहसा मिळत नाही, आणि न्यायालयाला परिस्थितीवरून अनुमान काढावं लागतं. मला यातलं 'पाठीमागे' महत्त्वाचं वाटतं. जे समोर विचारता आलं असतं ते लपवावं लागलं, तिथेच ते काम आपलं आपल्याला कळलेलं असतं.

ही सेवा होती का?

सोलापूर हे सिद्धरामेश्वरांचं गाव. बाराव्या शतकातले हे शिवयोगी. आपण संध्याकाळी ज्या तलावाच्या काठावर जातो तो त्यांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या श्रमातून झाला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. शरणांच्या परंपरेत दोन शब्द जोडीने येतात, कायक आणि दासोह. कायक म्हणजे स्वतःच्या कष्टाने, सचोटीने कमावणं. दासोह म्हणजे त्यातून समाजाला देणं. क्रम बघा. आधी कायक, मग दासोह. जे कष्टाने आपलं झालंय त्यातूनच देता येतं. दुसऱ्याचं घर आणि तिसऱ्याचं पाणी वापरून केलेलं दान हा दासोह होत नाही. त्याचे दर रात्रीचे पैसे घेतले तर तो सरळ धंदा झाला. धंदा करणं पाप नाही, पण त्याला सेवा म्हणू नये.

अक्कलकोटचंच उदाहरण घ्या. स्वामी समर्थ गावात आले ते चोळप्पांच्या घरी राहिले. लोकांची रीघ लागली, संसाराची ओढाताण झाली, ती सगळी चोळप्पांनी सोसली. घर त्यांचं होतं आणि झळही त्यांनाच लागली. सेवेची खूण मला इथे सापडते. देणाऱ्याला स्वतःला थोडी झळ लागते. इथे झळ काकूंना लागत होती.

आता पहिला मुद्दा, गरज. ती खरी होती, आणि पोटासाठी माणूस काय काय करतो हे आपण बघतोच. पण गरज हे मागण्याचं कारण आहे, लपवण्याचं नाही. त्याने मार्चमध्येच आईला फोन केला असता तर तिने दोन महिने भाडं थांबवलं असतं, हे मी आईला ओळखून सांगतो. आणि पाहुणे ठेवायचेच असतील तर सरळ वाटही आहे. मालकाची आणि सोसायटीची संमती घ्यायची, पर्यटन विभागाच्या न्याहारी व निवास योजनेत नोंदणी करायची, पाहुण्यांचं रजिस्टर ठेवायचं. ती वाट आम्ही कदाचित नाकारली असती. नाकारण्याचा हक्क मालकाचा आहे, म्हणून तर विचारायचं असतं.

ताप कुठला आणि कर्तव्य कुठलं

त्याचे तिन्ही मुद्दे खोडून झाले, पण श्लोकाचा अर्धा भाग अजून बाकी आहे. तो त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे. 'विगतज्वर' हा सल्ला बाजू बरोबर असलेल्याला दिलाय. अर्जुनाची बाजू न्यायाची होती, तरी त्याला ताप उतरवायला सांगितलं.

राग आला की मी एक चाचणी घेतो. त्या माणसाला या व्यवहारात फायद्याऐवजी तोटा झाला असता, तर मी एवढाच चिडलो असतो का? प्रामाणिकपणे वजाबाकी केली की रागातला एक मोठा तुकडा गळून पडतो. 'माझ्या घरावर हा माझ्यापेक्षा जास्त कमावतो' हा तो तुकडा. तो लोभाचा आहे, न्यायाचा कपडा घालून आलेला. 'मला फसवतो म्हणजे काय' हा दुसरा तुकडा, तो अहंकाराचा. दोन्ही काढून टाका आणि बघा काय उरतं. काकूंचं पाणी उरतं. वहीतलं खोटं नाव उरतं. बाबांनी विश्वासाने मागे ठेवलेली वास्तू नीट राखायची जबाबदारी उरते. एवढं उरलं तरी घर परत मागायला पुरेसं आहे, आणि यात 'माझं' हा शब्द कुठेच आला नाही.

आजच्या मराठीत निर्मम म्हणजे निष्ठुर. गीतेतला निर्मम वेगळा. निः म्हणजे नाही, मम म्हणजे माझं. राखणदार ज्या भावनेने शेत राखतो तो हा भाव. शेत त्याचं नसतं म्हणून तो गुरं आत सोडत नाही. उलट, त्याचं नसतं म्हणूनच त्याला जास्त जपावं लागतं, कारण उद्या जाब द्यायचाय. तसं पाहिलं तर माझाही या घरावर करारच आहे. काल बाबांकडे होतं, उद्या दुसऱ्या कुणाकडे जाईल. माझ्या कागदावर मुदत छापलेली नाही, एवढाच काय तो फरक.

अजून एक गंमत. ज्या भांडणात गीता सांगितली गेली ते भांडण कशाचं होतं? इंद्रप्रस्थ तेरा वर्षं दुर्योधनाच्या ताब्यात राहायचं ठरलं होतं, बारा वनवासाची आणि एक अज्ञातवासाचं. मुदत संपली आणि तो सोडायला तयार झाला नाही. म्हणजे मूळ तंटा मुदत संपलेल्या ताब्याचाच! आमचा भाडेकरू दुर्योधन नाही आणि मी युधिष्ठिर तर नाहीच. पण उद्योगपर्वातला क्रम शिकण्यासारखा आहे. आधी द्रुपदाचा पुरोहित बोलणी करायला गेला, मग संजय निरोप घेऊन आला, शेवटी स्वतः श्रीकृष्ण गेले. मागणी कमी करत करत पाच गावांवर आली. शंख त्यानंतर वाजले. मागणी सोडली नाही, पण समोरच्याला मागे फिरायला प्रत्येक पायरीवर जागा ठेवली.

आम्ही काय केलं

कुलूप बदललं नाही, वीज-पाणी तोडलं नाही. भाडे कायद्याचं कलम २९ मालकाला योग्य कारणाशिवाय अत्यावश्यक सोयी तोडू देत नाही, आणि समजा दिलं असतं तरी तो ताप झाला असता. आई आणि मी शनिवारी सोलापूरला गेलो. त्यालाही गावाहून बोलावून घेतलं.

घरात नाशिकचं एक कुटुंब उतरलेलं, सोबत दोन लहान मुलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना बाहेर काढणं अन्याय झाला असता. सेक्रेटरींना सांगून, त्यांची नावं वहीत लिहून, रविवार सकाळपर्यंत त्यांना राहू दिलं. आमच्या खर्चाने पाण्याचा टँकर मागवला. पुढची बुकिंग मात्र त्याने आमच्यासमोर रद्द केली, प्रत्येकाला स्वतः फोन करून पूर्ण पैसे परत दिले आणि अक्कलकोटच्या भक्तनिवासात चौकशी करायला सांगितलं. जाहिरात काढून टाकली.

मग दोन पर्याय दिले, लेखी. करार संपेपर्यंत तू स्वतः राहा, किंवा करारात ठरल्याप्रमाणे एका महिन्यात घर सोड. दोन्ही नको असतील तर वकिलाची नोटीस येईल. मुदत संपल्यावरही ताबा नाही दिला तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू, आणि त्या काळासाठी दुप्पट रक्कम भरावी लागते हेही त्याला सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं. धमकी आणि माहिती यांत बऱ्याचदा फक्त आवाजाचा फरक असतो. (करार रजिस्टर होता म्हणून हे एवढ्या शांतपणे सांगता आलं. कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. तुमच्या आई-बाबांचं घर भाड्याने दिलेलं असेल तर आजच कागद बघा.)

त्याने कमावलेल्या पैशाचं काय? एक नातेवाईक म्हणाले, निम्मे मागा. आम्ही मागितले नाहीत. जो व्यवहार चुकीचा म्हणतोय त्यातला वाटा घेतला की आपण त्यात भागीदार झालो. आईने डिपॉझिट पूर्ण परत करायचं ठरवलं आणि शेवटच्या महिन्याचं भाडं नोकरी लागल्यावर दे म्हणाली. त्याला घराबाहेर जायला सांगणं आणि त्याच्या अडचणीत मदत करणं ही दोन वेगळी कामं आहेत. एक केलं म्हणून दुसरं सोडावं लागत नाही. क्षमा करायची म्हणजे चुकीचं चालू ठेवायचं, असं गीतेत कुठे सांगितलेलं मला आढळलं नाही.

राहिलेला शब्द

महिनाभरात त्याने घर सोडलं. किल्ल्या सेक्रेटरींकडे ठेवून गेला, आम्हाला भेटला नाही. आईने दिवाळीला केलेला फोन उचलला नाही. तिला अजून वाईट वाटतं. एकदा म्हणाली, "आपण चांगलं वागलो, तरी पोरगा तुटलाच की रे."

इथे तिसरा शब्द कामाला येतो, निराशी. न्यायाने आणि मायेने वागल्यावर समोरच्याने ते ओळखावं, निदान एकदा तरी 'चुकलं' म्हणावं, ही सुद्धा फळाची आशाच आहे, आणि बारीक असल्यामुळे ती सहज दिसत नाही. पैशाची आशा सोडणं त्या मानाने सोपं, कृतज्ञतेची सोडणं जड जातं. काकूंना सकाळी पाणी मिळतंय. वहीतलं नाव आणि घरातला माणूस आता एकच आहे. कर्माचं काम तिथे पूर्ण झालं. त्याच्या मनात आमच्याविषयी काय आहे, ते आमच्या ताब्यात नाही. श्लोकाची सुरुवातच सोपवण्याने होते, तर हेही सोपवायचं.

आजचा संकल्प

तुमच्याकडे घर नसेल, पण परत मागायचं काहीतरी असेलच. मित्राला दिलेले उसने पैसे, तुमची पार्किंगची जागा, टीममध्ये दुसऱ्याच्या नावावर गेलेलं काम. मेसेज पाठवण्याआधी कागदावर तुमची तक्रार लिहा. मग त्यातली 'मी' आणि 'माझं' असलेली वाक्यं खोडा. काहीच उरलं नाही तर मेसेज पाठवू नका. काही उरलं तर ते नक्की पाठवा, स्पष्ट शब्दांत, आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागा.

उद्या श्लोक ३१: ही शिकवण श्रद्धेने आणि दोष न काढता आचरणाऱ्याला भगवंत काय आश्वासन देतात, ते बघू.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥